आवाजांना बसवणारे इनासमास्तर

कुठलंही गाणं ऐकलं की इनासमास्तर गाणाऱ्याचं नाव विचारत नसत. चाल कुणाची, शब्द कुणाचे, यातही त्यांना रस नसे. मान तिरकी करून ते दोन ओळी ऐकत आणि विचारत, "हा उभा कुठंय?"

नवखा माणूस गोंधळून म्हणे, "स्टुडिओत."

"तो नव्हे. गाण्यातला. ओटीवर आहे, माजघरात आहे, का मागल्या दारी विहिरीवर? ते कळल्याशिवाय मी यंत्राला हात कसा लावू?"

यंत्र म्हणजे चार ट्रॅकचा एक जुना कॅसेट रेकॉर्डर. चार आवाज चार पट्ट्यांवर वेगवेगळे घ्यायचे, मग कुणाला किती मोठं, किती लांब ठेवायचं ते ठरवून सगळ्यांना एका कॅसेटवर उतरवायचं. या शेवटच्या कामाला जग मिक्सिंग म्हणतं. मास्तर त्याला 'बसवणं' म्हणत. "उद्या या. आज भजनवाल्यांना बसवायचंय."

स्टुडिओ वसई तालुक्यातल्या नंदाखाल गावात, त्यांच्या घरातच होता. पूर्वी त्या खोलीत केळी पिकत घालायचे. मास्तरांनी भिंतींना गोणपाटं आणि जुन्या गोधड्या ठोकल्या, दाराला रबराची पट्टी लावली, पण केळ्यांचा वास काही गेला नाही. नव्वदच्या दशकात वसई-विरार पट्ट्यात निघालेल्या निदान डझनभर भक्तिगीतांच्या कॅसेटी त्या वासात जन्मल्या. मास्तर तरुणपणी लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत आणि बँड चालवत, म्हणून मास्तर. बायको, फिलूबाय, जाऊन काही वर्षं झाली होती. एकुलता मुलगा मेल्विन मस्कतला एसी दुरुस्तीच्या कंपनीत होता. घरात मास्तर आणि त्यांचं यंत्र. विनय हा गुण त्या घरात कधी राहायला आला नव्हता. उत्तनपासून डहाणूपर्यंत धड ऐकू येणारा माणूस एकच आहे, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

मी गिरगावातून वसई रोडला नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो आणि एका कॉलेजात मराठी शिकवत होतो. मराठी शिकवणाऱ्याला मराठी बोलता येत असेल, अशी एका भजनी मंडळाची भाबडी समजूत झाली आणि त्यांनी मला कॅसेटसाठी दोन गाण्यांमधलं निवेदन लिहून वाचायला बोलावलं. मी 'आसेतुहिमाचल'ने सुरुवात केली. पहिलं वाक्य संपायच्या आत मास्तरांनी यंत्र थांबवलं.

"सर, तुम्ही स्टेजवर उभे आहात. समोर खुर्च्या आहेत आणि पहिल्या रांगेत नगरसेवक बसलाय. लोक हे घरात ऐकणार. खाली उतरा, चपला काढा, आत या."

मी आवाज खाली आणून पुन्हा वाचलं.

"अजून उंबऱ्यावरच आहात."

मंडळातले लोक हसले. मला राग आला आणि राग आला की मी शिकवू लागतो. मी त्यांना सांगितलं की समोर दोन खोकी आहेत, आवाज त्या खोक्यांतून येतो. त्याला ना ओटी ना माजघर. पुढे, मागे, वर, खाली हे शब्द आपण डोळ्यांच्या जगातून उसने आणलेत, कारण कानांकडे स्वतःचे शब्द फार थोडे आहेत. याला रूपक म्हणतात.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे खोटं?"

"खोटं नाही, पण..."

"मग घर आहे," ते म्हणाले आणि यंत्र सुरू केलं.

हा वाद आमच्यात पुढे अनेकदा झाला आणि दर वेळी याच जागी संपला. मी मात्र जात राहिलो. कॉलेजात रूपकावर व्याख्यान देणारे पुष्कळ होते, रूपकात राहायला गेलेला माणूस मी हा पहिलाच पाहत होतो.

त्यांचं गाण्यातलं घर पक्कं होतं. मुख्य गायक ओटीवर, ऐकणाऱ्याच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ. ढोलकी अंगणात. पेटी भिंतीला टेकून. कोरस माजघरात, दार अर्धं लोटलेलं. टाळ म्हणजे पाहुण्यांची मुलं, लाडाची, पण एका जागी बसत नाहीत, त्यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं. गाणं गढूळ झालं, शब्द कळेनासे झाले, की दुसरा कुणी गायकाचा आवाज वाढवला असता. मास्तर म्हणत, "कोण कोणाच्या मांडीवर बसलंय बघू." मग ते पेटीला थोडं सरकवत, ढोलकीचा घुमारा कमी करत आणि शब्द मोकळे होत.

याच्या उलट विचार करणारा माणूसही मी पाहिला. चर्चच्या गायकवृंदाच्या गीतांची कॅसेट निघायची होती आणि कुणाच्या तरी ओळखीने मुंबईहून एक साउंड इंजिनिअर आला. केसांची शेंडी, गळ्यात हेडफोन. तो 'कॅनव्हास' म्हणे. इथे थोडा निळा हवा, इथे वॉर्म टोन, इथे अजून एक थर. गंमत अशी की दोघेही तीच गाणी ऐकत होते आणि दोघांनाही त्यात तोच दोष दिसत होता, मधलं कडवं अडखळत होतं. कॅनव्हासवाल्याने त्यावर व्हायोलिनचा एक थर चढवला, कारण चित्रात उणीव वाटली की माणूस रंग घेतो. मास्तरांचं मत, मधल्या कडव्यात ऑर्गनला बाहेर पाठवा, कारण घरात अडचण झाली की कुणीतरी उठून ओटीवर जातं. तुम्ही कामाला काय म्हणता यावर तुमचा हात कुठे जाणार हे ठरतं. माणसाला मात्र वाटत राहतं की आपण कानानेच ठरवलं.

चर्चने व्हायोलिन निवडलं. सणाच्या दिवशी कॅसेट खपलीही चांगली. मास्तर अख्खा उपवासकाळ गायकवृंदाच्या बाकाकडे फिरकले नाहीत. मागच्या खांबाशी उभं राहून मिस्सा ऐकत आणि घरी येऊन मला सांगत, "सगळे आहेत त्यात. सापडत कुणीच नाही."

मास्तरांचं घर कधीकधी त्यांच्यावरच उलटे. पाचूबंदरची हिराबाय त्यांच्याकडे आली तेव्हाचं आठवतं. हिराबाय धवलारीण होती, लग्नात विधींची गाणी म्हणणारी. सकाळी मासळीचा लिलाव आटपून ती आणि तिच्या दोघी जोडीदारणी टोपल्यांसकट आल्या. मास्तरांनी तिला गोधड्यांच्या खोलीत नेऊन माइकसमोर उभं केलं. हिराबायने तोंड उघडलं आणि मिटलं.

"मास्तर, आवाज माझा गोनीत घातलास तू."

"गोणी नाही बाय, ओटी समज. ओटीवर बसून गातेस."

"ओटीवर नवरी असते, तिची आय असते, चार बाया रडतान. इथं कोन हाय? ह्या दांडक्याला गानं सांगू? ह्याचं लगीन हाय का?"

जोडीदारणी खिदळल्या. मास्तर तिला समजावत राहिले. ती ऐकेना. शेवटी तिने "पानी दे आधी," म्हणून तांब्या मागितला आणि पाणी पिता पिता मागल्या दारी निघून गेली. विहिरीच्या कठड्याला टेकून तिने सहज सूर लावला. शेजारच्या केळीच्या वाडीत फवारणी करणारा माणूस पंप बंद करून ऐकत उभा राहिला. मास्तर धावत वायरी घेऊन बाहेर आले. माइक त्यांनी तिच्यापासून चांगला दहा पावलांवर, आंब्याला बांधला. त्या कॅसेटमध्ये कावळे आहेत, टोपलीवर बसणाऱ्या माशा हाकलल्याचा आवाज आहे, आणि हिराबाय आहे. मास्तर नंतर म्हणाले, "मी तिला घरात बोलावत होतो. ती खाडीवरच्या वाऱ्यात उभी राहून गाणारी. मला कळायला हवं होतं." चूक कबूल केल्याचा हा एवढाच प्रसंग माझ्या संग्रही आहे आणि त्यातही घर चुकलं असं ते म्हणाले नाहीत. पत्ता चुकला.

दुसरा एक पाहुणा तुळिंजचा. तिकडे इमारती बांधणारे एक शेठ. त्यांना स्वतःच्या वाढदिवसाला स्वतःच्या आवाजात भक्तिगीतं काढायची होती. आवाज होता, सुराची परवानगी अजून यायची होती. बरोबर चार कार्यकर्ते आणले होते, ते प्रत्येक ओळीनंतर "वा शेठ" म्हणत आणि ते 'वा' मुद्रित होई.

"मास्तर, मला सगळ्यांच्या पुढं ठेवायचं," शेठ म्हणाले. "वाद्यं-बिद्यं मागे."

"पुढं ठेवतो. पण मग तुमच्या मागे घरात कुणी दिसणार नाही."

"मला बघायला येणार लोक. मागच्यांना कशाला?"

मास्तरांनी सांगितल्याबरहुकूम केलं. शेठचा आवाज कानाशी, टाळ-मृदंग कुठेतरी दोन मैलांवर. ऐकताना वाटे की रिकाम्या इमारतीत एक माणूस देवाला हाका मारतोय आणि फ्लॅट अजून विकले गेलेले नाहीत. शेठ प्रचंड खूश झाले. कॅसेटी त्यांनी फुकट वाटल्या, हा एकच विवेक त्यांनी दाखवला.

असे लोक येत आणि जात. ते गेले की मास्तर एकटे उरत. वायरी गुंडाळायला त्यांना नको इतका वेळ लागे. मी निघालो की काहीतरी निमित्त काढत, "सर, ही एक जागा ऐकून जा." ती जागा ऐकली की दुसरी निघे. घरात सगळ्यांना कुठे बसवायचं हे त्यांना ठाऊक होतं आणि बसायला कुणी नव्हतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

आखातात गेलेली माणसं तेव्हा पत्राऐवजी कॅसेट पाठवत. फोन महाग, लिहायचा कंटाळा. कुणी गाववाला सुट्टीवर निघाला की त्याच्या बॅगेत चार घरांच्या कॅसेटी येत आणि परत जाताना चार जात. मेल्विनचीही येई. मास्तरांचं उत्तर मात्र दुसऱ्या कुणाचं मी ऐकलं नाही असं असे. ते माइक ओटीवर ठेवत आणि घर मुद्रित करत. चर्चची घंटा, विहिरीचा रहाट, शेजारचा कुत्रा, झावळी पडल्याचा आवाज. मधेच एखादं वाक्य, "मेल्विन, आंबा यंदा कमी आहे." पुन्हा कुत्रा.

एका दुपारी त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं आणि मेल्विनची नवी कॅसेट लावली. स्वच्छ, ठसठशीत आवाज आला. पप्पा, मी बरा आहे, जेवण चांगलं आहे, काम वाढलंय, तुम्ही गोळ्या घेता ना.

"काय ऐकलंत?"

"बरा आहे म्हणतोय."

"म्हणतोय ते मीही ऐकलं. उभा कुठंय?"

मी पुन्हा ऐकलं. काही कळलं नाही, तसं सांगितलं.

"पहिल्या वर्षीच्या कॅसेटींत खोली होती. पंखा होता, कुणीतरी भांडी घासत होतं. आता बघा. माणूस खोलीत बोलला की भिंत थोडं तरी उत्तर देते. ह्याला भिंत नाही, छप्पर नाही. उघड्यावर म्हणाल, तर वारा नाही. हा कुठंच नाहीये, सर. ह्याच्याभोवती घरच नाही."

"कुठल्यातरी कोपऱ्यात बसून केली असेल."

"कोपरा ऐकू येतो," मास्तर म्हणाले.

रूपक भाडेकरूसारखं असतं. आधी एका खोलीपुरतं येतं, सोयीचं वाटतं, आणि मग एक दिवस घर त्याच्याच नावावर असतं. मी असलं काहीतरी बोललोही, पण मास्तर ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. पोराला नोकरीवरून काढलं असेल, तो लपून राहत असेल, तो आपल्याशी खोटं बोलतोय. भजनवाले आले, त्यांना परत पाठवलं. गोधड्यांच्या खोलीत कानाला हेडफोन लावून ते मुलाच्या बऱ्या असण्यामागचं रिकामेपण ऐकत बसत. दाढी वाढली. शेवटी मस्कतला निघालेल्या एका गाववाल्याकडे त्यांनी उत्तर दिलं. नेहमीसारखा रहाट, नेहमीसारखा कुत्रा, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग, "मेल्विन, सोड ते. ये परत."

मेल्विन आला. कंपनीतून मिळेल तेवढी रजा घेऊन, ठरलेल्या सुट्टीच्या आठ महिने आधी. मास्तरांनी मलाही बोलावलं होतं, साक्षीला असावा तसं. आमच्यासमोर ओटीवर एक चांगला जाडजूड, गोरटेला, केसांना तेल लावलेला तिशीतला माणूस बसला होता. बापलेक घरी त्यांच्या बोलीत बोलत. मला ती निम्मीच कळे, म्हणून माझ्या मराठीत देतो.

"पप्पा, खरं सांगा. डॉक्टर काय म्हणाले?"

"कुठला डॉक्टर? तुला काय झालंय ते सांग. राहतोस कुठं?"

"जिथं राहतो तिथंच राहतो. सात जण आहोत एका खोलीत."

"खोटं. तुझ्या आवाजाला खोली नाही."

मेल्विनने कपाळावर हात मारला. "अहो पप्पा, मी कपाटात बोलायचो!"

"कपाटात?"

"तुम्हीच नाही का शिकवलं? लहानपणी चर्चमधलं वाचन पाठ करून घ्यायचात तेव्हा? आवाज स्वच्छ हवा तर आईच्या लुगड्यांच्या कपाटात तोंड घालून बोल. तिथं सात जण, एकाचा टीव्ही, दोघांचं पत्त्यांवरून भांडण, एक सारखा शिंकतो. तुम्ही कॅसेट ऐकत नाही, तपासता. म्हटलं, पप्पांना कचरा नको पाठवायला. सगळ्यांचे शर्ट टांगलेले असतात त्या कपाटात शिरायचो, वरून चादर घ्यायचो. घामाने भिजायचो. सगळे हसायचे मला. म्हणायचे, तेरा बाप सीआयडी है क्या?"

मास्तरांनी ओटीवरची वायर उचलली आणि गुंडाळायला घेतली.

"आणि तुमचं काय हो? तुमच्या कॅसेटीत घंटा आहे, रहाट आहे, तो मेला कुत्रा आहे. तुम्हीच नाही. तासभर ऐकायचं आणि तुमची दोन वाक्यं. ही शेवटची ऐकली आणि रजेचा अर्जच टाकला. म्हटलं, पप्पा जातायत आणि सांगत नाहीयेत."

मग मेल्विन उठून विहिरीवर हातपाय धुवायला गेला आणि जाता जाता, जणू आंब्याबद्दल बोलावं तसं म्हणाला, "सुपरवायझरची जागा होती ह्या महिन्यात. ती आता थॉमसला मिळेल. जाऊ दे."

मास्तर ओटीवरच बसून होते. थोड्या वेळाने त्यांनी मला हळूच विचारलं, "म्हणजे तो बोलत होता तेव्हा बाहेर सहा जण होते?"

"होते म्हणतोय."

"चांगलं आहे," ते म्हणाले. पण चेहऱ्यावर चांगलं काही दिसत नव्हतं. ज्या कानावर माणूस आयुष्यभर जगला, त्या कानाने त्याच्या मुलाची बढती खाल्ली होती, आणि तीही पोराने बापाचं ऐकल्यामुळे.

मेल्विन रजा संपवून परत गेला. जाण्यापूर्वी मास्तरांनी त्याला एकच सांगितलं, पुढची कॅसेट खोलीत कर, सगळे असताना. आणि स्वतः त्या वर्षी त्यांनी कॅसेटची एक अख्खी बाजू बोलून पाठवली, रहाट-बिहाट काही नाही, नुसते मास्तर. त्यांना फार जमलं नाही, असं तेच म्हणाले. "स्टेजवर गेलो सारखा."

त्यानंतर गाणाऱ्याला ते "उभा कुठंय" असं विचारेनासे झाले. भजनवाले म्हणाले, मास्तर आता निमूट काम करतात. कामही कमी होत गेलं. सीडी आल्या, मग कॉम्प्युटर. विरारला एका तरुणाने स्टुडिओ काढला, तिथे शंभर ट्रॅक होते आणि कुणालाच उठून बाहेर जावं लागत नव्हतं. मेल्विनचं लग्न झालं, तो बायकोबरोबर कॅनडाला गेला. मोबाइल आले तशा कॅसेटी बंद झाल्या. रविवारी त्याचा फोन येई. मास्तर फोन कानाशी घट्ट धरून बोलत आणि ठेवून दिल्यावर त्याच्याकडे थोडा वेळ बघत. मी विचारलं, तर म्हणाले, "आवाज येतो. बास."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते एका दुपारी. माझी बदली झाली होती आणि सांगायला म्हणून मी नंदाखालला गेलो होतो. दार उघडं होतं. आतून बरीच माणसं बोलत असल्याचा आवाज येत होता. पाहुणे असतील म्हणून मी ओटीवरच थांबलो आणि खिडकीतून आत पाहिलं.

मास्तर जमिनीवर पाट घेऊन एकटेच जेवत होते. ताटात भात आणि बोंबलाचं कालवण. शेजारी यंत्र चालू होतं. मस्कतची ती खोली होती. टीव्हीवर बातम्या, कुणीतरी कुकरचं झाकण आपटत होतं, मेल्विन मोठमोठ्याने सांगत होता, पप्पा, हा थॉमस, हा रफीक, हा बघा आता शिंकणार, आणि तो शिंकला, आणि सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. ते त्यांच्यातलेच असल्यासारखे खाली मान घालून जेवत होते. ही कॅसेट त्यांनी अनेकदा ऐकलेली असणार, कारण कॅसेटमधलं हसणं यायच्या आधीच ते घास हातात धरून थांबले आणि हसणं संपल्यावर तो तोंडात घातला.

मग ताटं मांडल्याचा आवाज आला आणि खोलीतला कुणीतरी म्हणाला, "अरे, थोडा सरको ना भाई, जगह दो."

मास्तरांनी डाव्या हाताने ताट उचललं आणि पाटावरून थोडे सरकले.